जोखमीचा हिशेब

७ फेब्रुवारी २०२० रोजी हैदराबाद मेट्रोची जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्टेशन ही मार्गिका सुरू झाली. या मार्गावर एका स्थानकाचं नाव आहे ‘गांधी हॉस्पिटल’. रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टरला, सकाळच्या पाळीला येणाऱ्या आयाम्माला, म्हणजे वॉर्डातल्या आयाला, दारातच गाडी मिळू लागली. ही सोय दीड महिनाही टिकली नाही. २ मार्चला तेलंगणातला पहिला कोरोना रुग्ण जाहीर झाला. बंगळुरूत नोकरी करणारा, दुबईहून परतलेला हा तरुण संगणक अभियंता गांधी हॉस्पिटलमध्येच दाखल होता. २२ मार्चला मेट्रो थांबली आणि सप्टेंबरपर्यंत थांबलेलीच राहिली. शहराने घराची दारं लावून घेतली, तेव्हा ज्यांना रोज घराबाहेर पडायचंच होतं, त्या माणसांविषयी हा लेख आहे.

मराठी वाचकाला हैदराबादचा दवाखाना परका नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा याच शहरातून चालणाऱ्या राज्याचा भाग होता. नांदेड-लातूरकडच्या घरांत आजही दुखणं हाताबाहेर गेलं की कुणीतरी म्हणतंच, ‘हैदराबादला न्या.’ ‘दवाखाना’ हा शब्दसुद्धा आपल्या बोलीत आणि हैदराबादच्या दखनीत एकच. सरकारी दवाखान्याचे जिने, तिथली गर्दी, ‘सिस्टर, जरा बघा ना’ ही विनवणी आपल्याला पाठ असते. तिथे काम करणाऱ्या माणसांच्या आयुष्याबद्दल मात्र आपण क्वचितच विचारतो. महामारीने ते विचारायला लावलं.

कोरंटी दवाखाना आणि एक आणा

साथ आणि हैदराबाद यांचं नातं जुनं आहे. नल्लाकुंट्याला साथरोगांचं सरकारी रुग्णालय आहे. कागदोपत्री त्याचं नाव ‘सर रोनाल्ड रॉस इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल अँड कम्युनिकेबल डिसीजेस’. सगळे त्याला फीव्हर हॉस्पिटल म्हणतात आणि जुनी माणसं म्हणतात ‘कोरंटी दवाखाना’. क्वारंटीन हा शब्द लोकांच्या जिभेवर घासून घासून कोरंटी झाला. २०२० मध्ये साऱ्या देशाने जो शब्द नव्याने शिकला, तो या शहराच्या बोलीत कित्येक पिढ्या मुरलेला होता.

ज्या रॉसचं नाव या रुग्णालयाला आहे, त्याने सिकंदराबादेत बेगमपेठच्या लष्करी दवाखान्यात २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. १९०२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. त्या शोधात हुसेन खान नावाचा एक मलेरियाचा रुग्ण होता. रॉसचे डास तो स्वतःला चाववून घेत असे आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळे. दवाखान्यातल्या जोखमीला भाव लावल्याची या शहरातली ही एक जुनी नोंद आहे.

तेच १८९७ साल आपल्याकडेही विसरता न येणारं आहे. मुंबई-पुण्यात प्लेग होता. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना आणत होत्या. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला रुग्ण शोधण्याचे, अडवण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार देत होता. रुग्णाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला काय मिळेल, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. २०२० मध्ये देशाने कोरोनाशी झुंजायला सुरुवात केली ती याच कायद्याच्या आधाराने.

एका आदेशाने बदललेलं काम

गांधी हॉस्पिटलची सुरुवात १८५१ मधल्या सिकंदराबादच्या एका छोट्या इन्फर्मरीपासून होते. पुढे ते किंग एडवर्ड मेमोरियल झालं, १९५८ मध्ये त्याला गांधीजींचं नाव मिळालं आणि २००३ मध्ये ते मुशीराबादच्या जुन्या तुरुंगाच्या जागी बांधलेल्या नव्या इमारतीत आलं. हजाराच्या वर खाटांच्या या दवाखान्यात बाळंतपणं, अपघात, मेंदूच्या शस्त्रक्रिया, डायलिसिस अशी सगळी कामं एका छपराखाली चालत. शेजारच्या जिल्ह्यांतला गरीब माणूस शेवटी इथेच येई.

मार्च २०२० संपता संपता हे सगळं थांबवून गांधी हॉस्पिटल फक्त कोरोनासाठी राखून ठेवण्यात आलं. बाह्यरुग्ण विभाग बंद झाला, इतर रुग्ण दुसऱ्या दवाखान्यांत पाठवले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हा प्रशासनाचा एक निर्णय वाटतो. आत काम करणाऱ्यासाठी तो आपला पेशाच रातोरात बदलणारा हुकूम होता. हाडं जोडणारा डॉक्टर ऑक्सिजनच्या नळ्यांपाशी उभा राहिला. त्वचारोगाचं शिक्षण घेणारी निवासी डॉक्टर श्वास मोजू लागली. बाळंतिणींच्या वॉर्डात वर्षं काढलेल्या सिस्टरला व्हेंटिलेटरचे आवाज ओळखायला शिकावं लागलं. भूलतज्ज्ञ एरवी पडद्यामागे असतात. श्वासनलिकेत नळी घालण्याचं, म्हणजे संसर्गाच्या सगळ्यांत जवळ जाण्याचं काम त्यांच्याकडे असल्याने ते एकदम पुढे आले.

शस्त्रक्रिया शिकायला आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना महिनोन् महिने शस्त्रक्रियागृह दिसलं नाही. तीन वर्षांच्या शिक्षणातलं जवळजवळ एक वर्ष असं गेलं. इतर रुग्णांसाठी दवाखाना उघडा, अशी मागणी निवासी डॉक्टरांनी लावून धरली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या सेवा पुन्हा सुरू झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने त्या परत बंद केल्या आणि ऑगस्टमध्ये पुन्हा उघडल्या. प्रत्येक वेळी वॉर्ड बदलले, पाळ्या बदलल्या, माणसं तीच राहिली.

किटच्या आत

कोरोना वॉर्डातल्या कामाचं मोजमाप सगळ्या दवाखान्यांत एकाच गोष्टीने होऊ लागलं, ती म्हणजे किट. अंगभर झाकणारा पोशाख, त्यावर बूटकव्हर, हातमोज्यांचे दोन जोड, एन-९५ मास्क, गॉगल, वर फेसशील्ड. घालताना क्रम चुकायचा नाही आणि काढताना तर अजिबातच नाही. काढण्याच्या प्रत्येक पायरीला हात धुवायचे, मास्क सगळ्यांत शेवटी. लागण होण्याची भीती खरी याच वेळी असते, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि त्याला घाई असते ती मोकळा श्वास घेण्याची.

किट एकदा चढवलं की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. म्हणून ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी तोडायचं. एप्रिल-मेच्या हैदराबादेत पारा चाळिशी ओलांडतो. विषाणू पसरू नये म्हणून वॉर्डात वातानुकूलनाचीही धास्ती. अंगातला घाम बुटात उतरायचा, गॉगलवर वाफ धरायची. धूसर काचेतून शीर शोधून सुई टोचायची. मासिक पाळी चालू असलेल्या सिस्टरसाठी हे तास काय असतील, याचा विचार कोणत्याही किटच्या आराखड्यात नव्हता. तिने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आणि कुणाला सांगितलाही नाही.

किटच्या आत चेहरा हरवतो. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, वॉर्डबॉय कोण, हे रुग्णाला कळेना आणि एकमेकांनाही कळेना. म्हणून पाठीवर, छातीवर मार्करने नावं लिहिली गेली. आपल्या दवाखान्यांची रोजची रचना नातेवाइकांच्या जिवावर उभी असते. औषध आणणं, अंग पुसणं, कूस बदलणं, दोन घास भरवणं, बेडपॅन देणं ही कामं घरचं माणूस करतं आणि त्यांची नोंद कोणत्याही मनुष्यबळाच्या तक्त्यात नसते. कोरोनाने घरच्या माणसाला फाटकाबाहेर ठेवलं आणि ही सारी कामं एका दिवसात सिस्टर, आयाम्मा आणि वॉर्डबॉय यांच्या अंगावर आली. पेशंटच्या कानाला फोन लावून ‘बोला, घरून आहेत’ म्हणणं हेही त्यांचंच काम झालं. पुष्कळदा तो शेवटचा फोन असे. मृतदेह गुंडाळणं, शवागारापर्यंत नेणं, ओळख पटवून देणं, हेही यातच आलं. त्यासाठी कुणालाही शिकवलेलं नव्हतं.

उंबरठ्याबाहेर

पाळी संपली म्हणजे ड्यूटी संपली असं नव्हतं. पहिल्या महिन्यांत काही दिवस काम, मग काही दिवस अलगीकरण अशी पाळ्यांची पद्धत होती. १५ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवा सल्ला काढला. जोखमीचा संपर्क घडला नसेल तर आरोग्य कर्मचाऱ्यांना सरसकट अलगीकरणाची गरज नाही, असं त्यात होतं. एका डॉक्टरच्या याचिकेवरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ जूनला न्यायालयाने कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर देण्याचे आणि त्यांच्या राहण्याची सोय करण्याचे आदेश दिले. अलगीकरणाचे दिवस रजेत धरू नयेत, हेही पुढे न्यायालयातच स्पष्ट व्हावं लागलं. म्हणजे देशात कुठेतरी ते रजेत धरले जात होते.

घरी गेल्यावर वेगळी परीक्षा. पोराला जवळ घ्यायचं नाही, दारातच कपडे बादलीत टाकायचे, म्हाताऱ्या सासूच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. भाड्याने राहणाऱ्यांना तर घरच राहिना. मार्च २०२० मध्येच वारंगळच्या शिकाऊ डॉक्टरांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. दिल्लीच्या एम्समधल्या निवासी डॉक्टरांनी याबद्दल थेट केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं. ज्या दिवसांत लोक गच्चीवर थाळ्या वाजवत होते, त्याच दिवसांतली ही गोष्ट. थाळी वाजवणाऱ्यांतच घरमालकही असतील. भीती माणसाला किती आखूड करते, हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं.

फुलं आणि मार

३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने गांधी हॉस्पिटलवर फुलं उधळली. किट घातलेले, न घातलेले कर्मचारी आवारात उभे राहून वर पाहत होते. अनेकांचे डोळे भरून आले असतील, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच आवारात १ एप्रिलला, एका रुग्णाच्या मृत्यूनंतर डॉक्टरांवर हल्ला झाला होता. फुलं पडल्यानंतर महिन्याभराने, ९ जूनच्या रात्री, आणखी एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि नातेवाइकांनी ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला मारहाण केली.

त्या रात्री गांधीचे निवासी डॉक्टर कामावरून उठले आणि दवाखान्यासमोर रस्त्यावर येऊन बसले. हैदराबादेत त्यांच्या संघटनेला सगळे ‘जुडा’ म्हणतात. त्यांच्या मागण्या नीट वाचल्या तर त्यांत नुसता संताप नव्हता, कामाची समज होती. सुरक्षा दल द्या, हे पहिलं. पण त्याबरोबर त्यांनी सांगितलं की राज्यातला प्रत्येक रुग्ण एकाच दवाखान्यात आणून टाकू नका, उपचार इतर सरकारी रुग्णालयांत वाटा आणि माणसं भरा. मारहाणीचं मूळ त्यांनी बरोबर ओळखलं होतं. एका डॉक्टरमागे पेशंट इतके असतील की नातेवाइकांशी दोन वाक्यं बोलायला कुणी उरत नाही, तर मृत्यूची बातमी नेणाऱ्याच्याच अंगावर राग निघतो. तत्कालीन आरोग्यमंत्री ईटला राजेंदर यांनी येऊन चर्चा केली, आश्वासनं दिली, डॉक्टर कामावर परतले. त्याच महिन्यात राज्याने खाजगी रुग्णालयांना कोरोनाच्या उपचारांची आणि खाजगी प्रयोगशाळांना चाचण्यांची परवानगी दिली. गच्चीबावलीच्या क्रीडानगरीतल्या इमारतीत उभारलेली ‘तेलंगणा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस’, म्हणजे टिम्स, जुलैत रुग्ण घेऊ लागली.

केंद्राने २२ एप्रिल २०२० रोजीच अध्यादेश काढून १८९७ चा तो कायदा बदलला होता आणि सप्टेंबरमध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय दंड. सव्वाशे वर्षांनी का होईना, त्या कायद्यात रुग्णाजवळ उभ्या असलेल्या माणसाचा उल्लेख आला.

सतरा हजार पाचशे

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

गांधीसारख्या दवाखान्यात एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकसारखं किट घालून उभ्या असलेल्या दोन सिस्टर एकाच नोकरीत नसतात. एक सरकारी सेवेत कायम असते. दुसरी कंत्राटदार एजन्सीमार्फत आलेली ‘आउटसोर्सिंग’वाली. तिला पेन्शन नाही, पगारवाढीची श्रेणी नाही, आणि वर्षानुवर्षं काम करूनही तिचा महिन्याचा पगार होता १७,५०० रुपये. दिवसाला ५८३ रुपये पडतात. राज्य सरकारने मार्चअखेरीस कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग रोखला तेव्हा आरोग्य खात्याला त्यातून वगळलं आणि एप्रिलमध्ये एकूण पगाराच्या १० टक्के जादा रक्कम जाहीर केली. निर्णय चांगला होता. पण टक्केवारीचं गणित असं की ज्याचा पगार मोठा त्याची भर मोठी, आणि विषाणू पगार बघून लागत नाही.

साथीत नवीन परिचारिका २५,००० रुपयांवर घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा जुन्या सिस्टरांच्या सहनशक्तीचा कडेलोट झाला. जुलै २०२० मध्ये गांधीतल्या आउटसोर्सिंग परिचारिकांनी काम थांबवलं. त्यांच्या पाठोपाठ चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकही उतरले. ऐन साथीत सिस्टर संपावर जातात, याचा राग येणं सोपं होतं. त्या बाहेर का आल्या, हे समजून घ्यायला एक आकडा पुरेसा होता. काही दिवसांतच सरकारने पगार २५,००० केला, परिचारिकांना कोरोना ड्यूटीच्या दिवसाला ७५० रुपये आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना ३०० रुपये प्रोत्साहन भत्ता देण्याचं मान्य केलं.

इथे मला हुसेन खानचा एक आणा आठवतो. त्याला निदान दर आधी सांगितला होता. गांधीतल्या सिस्टरने आणि आयाम्माने जोखीम मार्चमध्येच पत्करली होती. तिचा दर ठरला जुलैत, तोही त्या बाहेर येऊन बसल्या तेव्हा.

त्याच सुमारास, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, एर्रागड्ड्याच्या सरकारी छाती रुग्णालयातल्या एका मुख्य परिचारिकेचा गांधीमध्ये कोरोनाने मृत्यू झाला. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. अवघे काही दिवस उरले होते. रजा टाकून घरी बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. आयुष्यभर क्षयाच्या, दम्याच्या रुग्णांचे श्वास सांभाळणाऱ्या रुग्णालयातली सिस्टर श्वासाच्याच आजाराने गेली. ते साल जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं झाली होती.

जगभरात जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने गेले असावेत, असा या संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशाने ३० मार्च २०२० पासून कोरोना ड्यूटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा लागू केला. त्यात कंत्राटी माणसंही धरली होती, ही त्या योजनेची जमेची बाजू. तरीही विम्याची रक्कम मिळते ती कागद पुरे झाल्यावर आणि कागद गोळा करायचे असतात नुकतंच माणूस गमावलेल्या घराने.

दुसरी लाट, तीच मागणी

एप्रिल-मे २०२१ ची लाट पहिलीपेक्षा कितीतरी क्रूर होती. खाटा, ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळ्याचीच ओढाताण. त्यातच काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा आजार आला. कोठीचं सरकारी कान-नाक-घसा रुग्णालय त्याचं मुख्य केंद्र झालं आणि कोरोनासह बुरशी झालेले रुग्ण गांधीकडे आले. अधीक्षक डॉ. एम. राजा राव आणि त्यांचे सहकारी एकाच वेळी दोन साथी हाताळत होते. १९ मे रोजी तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी गांधीमध्ये येऊन वॉर्डातून फेरी मारली, रुग्णांशी आणि कर्मचाऱ्यांशी बोलले. सरकारचा प्रमुख आत येतो याचं कर्मचाऱ्यांना मोल असतं, ते होतंही.

त्यानंतर आठवडाभरात, २६ मे रोजी, राज्यभरचे निवासी डॉक्टर पुन्हा संपावर गेले. मागण्या अशा: जाहीर झालेली १५ टक्के विद्यावेतनवाढ द्या. कोरोना ड्यूटीचा प्रोत्साहन भत्ता द्या. कोरोनाने गेलेल्या डॉक्टरच्या कुटुंबाला ५० लाख आणि परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला २५ लाख द्या. आजारी पडणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये उपचारांची सोय करा. सरकारने हालचाल केली आणि दुसऱ्या दिवशी संप मिटला. यांतली एकही मागणी साथ सुरू झाल्यावर सुचण्यासारखी नव्हती. आपल्या माणसाला लागण झाली तर त्याला कुठे दाखल करायचं, हे ठरवायला चौदा महिने आणि एक संप लागला.

सुरक्षेचं काय झालं? ११ सप्टेंबर २०२४ रोजी, साथ कधीच ओसरली असताना, गांधीच्या अपघात विभागात एका रुग्णाने शिकाऊ महिला डॉक्टरवर हल्ला केला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ महिला डॉक्टरवर झालेल्या बलात्कार आणि हत्येच्या भीषण घटनेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता.

पहिली सुई

शेवटी थोडं मागे जाऊन एक दिवस सांगतो. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर लसीकरण सुरू झालं. तेलंगणातली पहिली लस गांधी हॉस्पिटलमध्ये दिली गेली, आणि ती टोचून घेतली तिथल्याच एका सफाई कामगार बाईंनी. वर्षभर ज्या वॉर्डात पाऊल टाकायला लोक घाबरत होते, तिथली फरशी त्या आणि त्यांच्यासारख्या बाया पुसत होत्या. दवाखान्याच्या उतरंडीत सगळ्यांत खाली असलेल्या बाईला त्या दिवशी राज्याने पहिला मान दिला. हे योग्य झालं. या साऱ्या काळातलं मला सगळ्यांत योग्य वाटलेलं काम हेच.

आता तोच क्रम कागदावरही यावा. साथ पुन्हा येईल, कोणत्या नावाने ते ठाऊक नाही. ती यायच्या आधी प्रत्येक सरकारी दवाखान्यात चार गोष्टी लिहून ठेवलेल्या असाव्यात: जोखमीच्या ड्यूटीचा दर, अलगीकरणाचे दिवस, कर्मचारी आजारी पडला तर त्याची खाट, आणि तो गेला तर त्याच्या घरी काय व कधी पोचेल. एजन्सीच्या माणसाला आणि कायम माणसाला एका वॉर्डातल्या एका कामाचं एकच मोल असावं. हे हैदराबादला लागू आहे तसंच नांदेडला, लातूरला, मुंबईच्या प्रत्येक पालिका रुग्णालयाला लागू आहे. आणि आपण वाचकांनी एवढं करावं: पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की तिथल्या सिस्टरला, फरशी पुसणाऱ्या मावशीला विचारा की त्या कायम आहेत की कंत्राटी, आणि पगार किती मिळतो. मिळालेलं उत्तर आपल्या नगरसेवकाला, आमदाराला सांगा. पहिली लस सफाई कामगाराला मिळाली. पुढच्या साथीत पहिला लेखी करारही तिच्याशीच व्हावा.